गोचीड आणि देशाची अब्रू

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि इंटरनेट नावाचं प्रकरण श्रीरामपुरात नुकतंच पोचलं होतं, तेही पुण्याला एसटीडी लावून. मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तेवढ्याच तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही. अशात दिल्लीहून योजना आली. देशातल्या एकूण एक प्राण्याची यादी इंटरनेटवर करायची आणि प्रत्येक जिल्ह्यानं आपापल्या प्राण्यांची पानं तिच्यात चढवायची. नगर जिल्ह्याचं काम आमच्या विभागप्रमुखांकडे आलं.

पहिल्याच बैठकीत सरांनी प्राणी वाटले. कसे? तर सेवाज्येष्ठतेनं! बिबट्या, लांडगा आणि काळवीट त्यांनी स्वतःकडे ठेवले. त्यांच्या खालच्यांना पक्षी, त्याखालच्यांना साप, आणि असं उतरत उतरत तळाला मी. माझ्या वाट्याला आले जनावरांच्या अंगावरचे परजीवी: गोचिडी, उवा, पिसवा. "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला जमेल," असं सर म्हणाले आणि सगळे हसले. काळवीट बघायला एकदाही जिल्ह्यातल्याच कर्जतच्या अभयारण्याकडे न गेलेला माणूस पंख्याखाली बसून काळविटावर पान लिहिणार होता, त्याला मात्र कुणी हसत नव्हतं.

राग आला की मी दुप्पट काम करते. चिमटा आणि स्पिरिटच्या बाटल्या घेऊन मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायला लागले. एका शेतकऱ्याला वाटलं, बाई गोचिडी काढायच्या सरकारी योजनेतून आल्यात. त्यानं म्हैस पुढे केली. "मॅडम, हिच्या बी काढा की. आन् ती पल्याड गाभन हाय, तिच्या बी. आमी धरतो, भ्या नका." काढल्या. त्याच्या म्हशी स्वच्छ झाल्या आणि माझ्या बाटल्या भरल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर मात्र मी गोचिडींच्या प्रेमातच पडले. काहींच्या पायांवर बांगड्या भराव्यात तसे फिके पट्टे असतात. काही सगळा जन्म एकाच जनावरावर काढतात, काही सरकारी नोकरासारख्या बदल्या घेत राहतात. प्रत्येकीचं चित्र मी काढलं, माहिती मी लिहिली, आणि पानाखाली संकलक म्हणून माझं नाव टाकलं. कायमची नोकरी मिळो न मिळो, जगात कुठेही उघडलं तरी एक पान माझ्या नावाचं असेल, एवढीच मला हाव होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरांनी सगळी पानं चाळली आणि माझ्या पानापाशी ते थबकले.

"मॅडम, हे काढा. उद्या अमेरिकेतला माणूस देशाच्या नावावर बोट ठेवणार आणि बघणार काय, तर गोचीड?"

"अमेरिकेत गोचिडी नसतात का सर?"

"असतील. पण ते सांगत फिरत नाहीत."

देशाची अब्रू माझ्या बाटल्यांमध्ये अडकली आहे, हे मला तेव्हा कळलं. अंगाचा तिळपापड झाला, तरी पान काढलं. काढणारीही मीच, कारण तो संगणक कॉलेजात दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता.

उद्घाटनाला नारळ फुटला. मॉनिटरला हार घातला, त्यात बिबट्याचं तोंड झाकलं गेलं. प्रमुख पाहुणे साखर कारखान्याचे संचालक होते. बिबट्या, लांडगा, काळवीट त्यांनी शांतपणे बघितले. मग म्हणाले, "लई झ्याक. पर आमच्या गायांना गोचिडी लई झाल्यात. त्याचं काय सांगतंय का हे?"

मी सरांकडे बघितलं. आता तरी ते माझं नाव घेतील, असं मला वाटलं. मी मूर्खच.

"सांगतंय तर, साहेब!" सर म्हणाले. "त्यावर तर आमचा खास अभ्यास आहे. दोन दिवसांत तुम्हाला दाखवतो."

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. पान परत चढवायचं होतं, पण विषय आता वरच्या पातळीवर गेला होता, म्हणून संकलक म्हणून नाव त्यांचं राहील. "तुम्हाला त्याऐवजी मोर देतो," ते म्हणाले. एवढी उदारता त्यांनी पूर्वी कधी दाखवली नव्हती.

मोर मी घेतला नाही. नाही म्हणून उठून जाणंही मला शक्य होतं, पण मग पान कधीच चढलं नसतं आणि एवढ्या देखण्या जिवांना या देशात नोंद मिळाली नसती. मी बसले, माझं नाव खोडलं, त्यांचं टाइप केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून मान वर केली नाही.

नाव नीट आलंय का बघायला सर पडद्यावर वाकले. नावाच्या वरच मी काढलेली गोचीड होती, रक्त पिऊन टम्म फुगलेली. त्यांनी ती पहिल्यांदाच धड बघितली आणि झटक्यात मागे सरले.

"शी!" अभ्यासक म्हणाले.

"नाव बरोबर आहे ना, सर?" मी विचारलं.