चित्रात माझी टिकली पुसली

बायांनो, आणि चोरून वाचणाऱ्या बाप्यांनो, आज दुपारी म्हसळ्याला काय झालं ते ऐका.

गेल्या साली मुंबईचा एक चित्रकार आमच्या गावात येऊन माझं चित्र काढून गेला. मी अंगणात वाकट्यांची मासळी सुकत घालत व्हते, कपाळावर माझी लाल टिकली. आज त्याच्या चित्रांचं प्रदर्शन व्हतं, म्हणून जावेला घेऊन गेले.

चित्रात मी व्हते, वाकट्या पण व्हत्या. टिकलीच्या जागी मात्र नुसता कोरा पांढरा गोल.

चित्रकार तिथंच उभा व्हता. मी त्याला म्हटलं, "काय रं बाबा, लाल रंग संपला व्हता काय?"

तो हसला न्हाय. म्हणाला, "मावशी, तो गोल म्हणजे शून्य. नवरा गेला की बाई संसारातून सुटते, आत्मा मोकळा होतो. ते वैराग्य आहे."

"आणि बायको मेली की नवऱ्याच्या कपाळावर काय काढतोस?" तो पाणी प्यायला निघून गेला.

आमचे हे गेले त्या दिवशी माझी टिकली काढायला चार बाया आल्या व्हत्या. मी त्यांचे हात धरले. सात वर्षं टोमणे खाऊन ती टिकली ठेवलेय. या शिकलेल्या माणसानं मला न विचारता ब्रशानं पुसली.

वळून बघते तर जाऊ चित्रासमोर हात जोडून उभी. म्हणाली, "बघ, एवढ्या मोठ्या कलाकाराला पण तू अशीच देवासारखी दिसलीस. आता तरी काढ ती टिकली."

टोमण्याला माझ्याकडं उत्तर असतं. या नमस्काराला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.