उखडलेल्या नळाची जागा

१६१९ : गुलाम विकत घेणारे वसाहतवाले. १७७६ : सर्व माणसे समान जन्मतात असे जाहीर करून गुलाम राखणारे राष्ट्रनिर्माते. १८९६ : वेगळे ठेवणे समानतेला धरूनच आहे, असा निवाडा देणारे न्यायाधीश.

ही आरोपींची यादी मी अमेरिकेत, मुलीच्या गावातील जुन्या न्यायालयाच्या बाकावर बसून लिहीत होतो. समोर पिण्याच्या पाण्याचा एक नळ होता. शेजारी, पूर्वी काळ्यांसाठी असलेला वेगळा नळ उखडला तेथे, सिमेंटचा चौकोन. बाकावरील काळ्या वृद्धेला मी विचारले, "पाणी आणू?"

"नको, भाऊ," ती हसली. "मी घरूनच पिऊन निघते. कायदा बदलला तेव्हा बारा वर्षांची होते, पण घसा अजून ऐकत नाही."

माझी लेखणी थांबली. आमच्या तालुक्याच्या वकील-कक्षात शिपाई सखारामचा कप खिडकीबाहेर ठेवलेला असे. "साहेब, माझा कप बाहेरच बरा," असे तोच म्हणे, आणि आम्हांला हायसे वाटे. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम आम्हां सर्वांना तोंडपाठ होते.

यादीत मी शेवटी माझे नाव लिहिले. हयात असलेल्या वकीलबंधूंनो, तो कप बाहेर का होता, याचे उत्तर सखारामच्या मुलांसमोर, जाहीरपणे द्या. पहिला मी उभा राहतो.