बिनमिरचीची दृष्ट

जोतिबावरच्या बँकेत माझी नोकरी. रोज सकाळी मी सीटा भरून नेणाऱ्या एकाच वडापच्या जीपमध्ये चढतो आणि ड्रायव्हरशेजारी बसतो. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. तो मला पावणं म्हणतो, तेवढ्यावर आमचं भागतं.

घाटातल्या एका वळणावर मात्र तो आधी डाव्या आरशात बघतो, मग उजव्या, आणि हॉर्न असा दाबतो की मागच्या बायकांच्या मांडीवरचे नारळ घरंगळतात.

एकदा मी कारण विचारलंच.

"हितंच ट्रकनं उडवलं की मला," तो म्हणाला.

जखमा भरल्या, पण स्टिअरिंग धरलं की तोच ट्रक अंगावर यायचा. जीप कितीतरी महिने दारात धूळ खात पडली. शेवटी बायकोने त्याला कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तो ट्रक आठवायला सांगून बाई त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं इकडून तिकडे हलवायच्या. त्याने मान न हलवता नुसत्या नजरेने बोटांमागे जायचं.

"मला वाटलं, दिष्ट काढाय लागल्यात. म्हटलं, बाई, मिरच्या ऱ्हायल्या की!"

अशा बऱ्याच खेपा झाल्या, तेव्हा कुठे तो पुन्हा घाट चढला.

"मग आता विसरलात तो ट्रक?"

"इसरतोय कुठला! पर आदी त्यो म्होरच्या काचंत दिसायचा. आता मागच्या आरशात हाय, आनि बारीक हुत चाललाय."

वळण आलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मान वळवून ओरडला, "मावश्यांनो, नारळ धरा!"