कचऱ्याची काच करणारा दादा

आमच्या दादाला लग्नाच्या पंगतीला नेणं म्हणजे विकतचं दुखणं. जेवणं झाली की मंडळी पान खायला वळत, आणि हा हात धुतलेल्या पाण्यामागे निघे. नाली कुठं जाते, पुढे विहीर आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. “धुतलं म्हणजे गेलं न्हाई, नुस्तं दुसरीकडं गेलं,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या हट्टा गावातल्या बाया त्याला येताना पाहून आधी मोरी साफ करत.

दादा केमिकल इंजिनियर. सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीत हा शब्द नीट उच्चारणाराही सापडत नसे. तो दूरच्या एका अणुकेंद्रात होता. अणुभट्टीत जळून उरलेल्या इंधनातून निघणारं जहाल पाणी वितळलेल्या काचेत मिसळायचं आणि काच थिजली की ते विष आत कोंडून टाकायचं, हे त्यांचं काम. पण काच वितळायला आच इतकी लागे की भट्टीचं भांडंच झिजून जाई. सोनार वापरतात त्या टाकणखाराचं दादाने असं प्रमाण बसवलं, की काच कमी आचेवर वितळली आणि तिची पकडही ढिली झाली नाही. त्याने मला पत्र लिहिलं. निम्मं पान टाकणखार, आणि शेवटी एक ओळ : बाबांना सांगू नकोस.

धम्म घेतला त्या वर्षी बाबांनी गावाची मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं होतं. त्यापायी मार खाल्ला, मजुरी बंद झाली, तरी आम्हा दोघांना शिकवलं. लेक सरकारात साहेब आहे, एवढंच ते गावाला सांगत.

आणि दादाला तर खोटं बोलताच येत नसे. बाबा, दादा आणि मी वसमतला मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “काय काम करता?” दादा सरळ म्हणाला, “कचऱ्याचं.” वर त्यांनाच विचारलं, तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं? चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर!

घरी पोचताच बाबांचा आवाज फुटला. “ज्या कामातून निघायला मी हाडं मोडून घेतली, त्यातच परत जाऊन बसला? काहून शिकवलं मग तुला?”

दुसऱ्या दिवशी निघताना दादाने एका बाटलीत पाणी भरलं आणि आत निळ्या रेघेची काचेची गोटी टाकली. “बाबा, हा रंग काचेत कोंडलेला हाय. वर्षभरात पाण्यात उतरला, तर नोकरी सोडून घरी येतो.”

मी गावातच शिक्षिका होते, त्यामुळे बाबांची लबाडी मलाच पाहावी लागली. त्यांनी गोटी चुलीवर उकळली, लिंबाच्या रसात बुडवली, चुन्याच्या निवळीत ठेवली.

“हे काय करून राहिले, बाबा?”

“तू गप बस.”

रोज सकाळी ते बाटली उन्हात धरून बघत. मला राग येई आणि वाईटही वाटे. पोरगं घरी यावं, एवढंच तर त्यांना हवं होतं. रंग काही उतरला नाही. शेवटी एकदा बाटली खाली ठेवून ते म्हणाले, “पोराचं काम पक्कं हाय.”

पुढच्या वर्षी आमच्याच भागातल्या गोरेगावचं स्थळ आलं. नुसतं इंजिनियर म्हण, असं मी दादाला दहादा बजावलं होतं. तिथेही तोच प्रश्न आला. दादाने तोंड उघडलं, मी डोळे मिटले, आणि कानावर आला तो बाबांचा आवाज.

“माझं पोरगं कचऱ्याचं काम करतं, पाव्हणं. ज्याला हात लावायची कुणाची छाती होत न्हाई, असल्या कचऱ्याचं. माझ्यावर ते काम जातीनं लादलं व्हतं, म्हून मी फेकून दिलं. यानं शिकून, सोता निवडून घेतलंय. पोरगी द्यायची तर हे ऐकून द्या.”

पोरगी दिली. तीच आमची वहिनी. दादा आता नाही. पुढे त्याला मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या, त्या सगळ्या त्याने हसत घेतल्या. रडताना मात्र मी त्याला गोरेगावच्या त्या ओसरीवरच पाहिलं, परक्या माणसांसमोर, बाबांचा हात धरून.