जुनापाणीच्या दगडांपाशी

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही जुनापाणीचे दगड पाहायला गेलो. बेत यजमानांच्या ऑफिसातल्या एका मित्राचा. काटोल रोडनं सायकलींवर निघालो. मी यजमानांच्या मागं कॅरिअरवर, मांडीवर पुऱ्यांचा डबा. मित्राच्या खांद्याला खाकी थैली.

माळावर मोठमोठ्या दगडांची रिंगणं होती, मधे मातीचा उंचवटा. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली माणसं इथं पुरली, असं मित्रानं सांगितलं. काही दगडांवर ओळीनं खळगे कोरलेले होते, बोटाचं टोक बसेल एवढे. मी त्यात बोट घालून पाहत होते, तेवढ्यात बकऱ्या चारणारी एक म्हातारी जवळ येऊन उभी राहिली.

"काहून आले गा इकडे?" तिनं यजमानांना विचारलं.

पाहायला, असं ते म्हणाले. ती हलली नाही. आम्ही पुढच्या रिंगणाकडे गेलो की तीही मागं. हिचा डोळा सायकलींवर आहे असं मला वाटलं. मी यजमानांना हळूच कुलूप लावायला सांगितलं.

जेवायला बसलो तेव्हा माझं लक्ष मित्राकडे गेलं. त्यानं थैली खाली ठेवलीच नव्हती. पुरी घ्यायला वाकला की आत काहीतरी जड हलायचं. पाण्याची बाटली म्हणावी, तर पाणी तो आमचंच पीत होता.

म्हातारीनंही ते पाहिलं असावं. मागं शहरातून काही लोक असेच पाहायला आले होते, ती सांगू लागली. ते गेल्यावर एक उंचवटा उकरलेला सापडला. गाडलेलं सोनं हवं होतं त्यांना.

"थैलीत काय हाय थे दाखव," ती मित्राला म्हणाली.

तू कोण विचारणारी, म्हणून तो चिडला. यजमान हसत म्हणाले, "दाखव ना गा, काय बिघडते?" तरी तो दाखवेना. मग यजमानांचं हसू गेलं. त्यांनीच थैली ओढून उघडली. टॉवेलात गुंडाळलेली आखूड पहार निघाली.

"सापासाठी आणली," तो म्हणाला.

सापासाठी लोक काठी नेतात. म्हातारीनं नुसतं रस्त्याकडे बोट केलं. आम्ही सायकली काढल्या. शहरात शिरल्यावर सदर भागातून तो न सांगताच आपल्या घराकडे वळला.

घरी चहा घेताना मी विचारलं, त्याला उकरायलाच जायचं होतं तर आपल्याला कशाला नेलं?

"बाई सोबत असली की पाहणाऱ्याला सहल वाटते," यजमान म्हणाले.

पुढं कधी विषय निघाला की ते म्हणायचे, असेल बुवा सापासाठीच. पण त्याला पुन्हा कधी घरी आणलं नाही.