रांजणावरचा पत्रा

नगरला आमच्या गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की मी उठून दार लावून घेते. माळ्यावर एक पत्रा आहे. तो देववतही नाही, ठेववतही नाही.

आमचं गाव म्हणजे विमान पडलेलं गाव, अशीच त्याची ओळख. पडलं तेव्हा ज्याला जे सापडलं ते त्यानं घरी नेलं. आमच्याकडे पंखाचा पत्रा आला आणि रांजणाचं झाकण झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यात गेलेल्या वैमानिकाची बायको ती जागा बघायला आली. उन्हानं दमून आमच्या ओट्यावर टेकली.

"बसा बाई, आदी पानी घ्या," आई म्हणाली आणि सवयीनं रांजण उघडला. पत्र्यावरचा विमानाचा निळा आकडा बाईंच्या समोरच आला. आईचा हात तसाच राहिला.

बाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी पत्रा मागून घेतला, पदरानं आकडा पुसला आणि बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसल्या. शेवटी स्वतःच उठून रांजणावर ठेवला.

"राहू द्या. पाणी गार राहतं."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कळतं, त्या एवढा वेळ बसल्या, ते आमच्यापैकी कोणीतरी "न्या" म्हणेल म्हणून.