आल्डनची आत्या

सुधा गेल्याची बातमी मला माझ्या मुलाकडून, निखिलकडून कळली. तिच्या भावाने पुण्याहून आधी त्याला फोन केला होता. दुःखाच्याही आधी माझ्या मनात आले ते हे... मला का नाही? विद्यार्थ्यांना आयुष्यभर खरे लिहायला शिकवले, म्हणून दीड महिन्यानंतर इथेही खरेच लिहिते.

दुबईतील एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षे शिकवले. मी मराठी, ती भूगोल. वह्या मी ठरल्या दिवशी तपासून परत देत असे, मुलांचा घोळका मात्र मधल्या सुटीत तिच्याभोवती. निखिलही त्यांतलाच. चार वर्षांपूर्वी त्याला मुलगा झाला, तेव्हा पत्रिकेतील अक्षर पाहून मी अकरा नावे अर्थांसह लिहून काढली होती. माझी सून अमेरिकन. तिच्या पणजोबांचे नाव ठेवायचे ठरले : आल्डन. अमेरिकेतही ते आता क्वचितच ऐकू येते. "याला काही अर्थ तरी आहे का?" मी विचारले.

"आहे ना, शैलाबाई," सुधा म्हणाली. ती आधीच शोधून आली होती. "जुन्या इंग्रजीत 'एआल्ड' म्हणजे जुना, 'विने' म्हणजे मित्र. जुना मित्र. आधी आडनाव होतं, मग पाळण्यात आलं. तुझ्या अकरांत आहे असं एखादं?"

नव्हते.

निखिलला बहीण नाही. दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या घरी बारशाला आत्या म्हणून त्याने सुधालाच बसवले, मला न विचारता. ती बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' म्हणाली. त्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत आहे. माझा धपाटा रीतीपेक्षा बराच जोरात बसला. ती पाणावल्या डोळ्यांनी वळली आणि हसून म्हणाली, "खलास? झालं समाधान?"

झाले नव्हते. पुढे दर शनिवारी ती यायची, चपला काढता काढता दारातूनच हाक मारायची, "आल्डनराव..." आणि तो हातातले टाकून धावायचा. मी त्याला चार वर्षे नुसते 'बाळ' म्हणत आले. ते नाव मला तिच्या मालकीचे वाटे.

गेल्या शनिवारी तो खिडकीशी उभा राहून मेट्रोचे डबे मोजत होता. त्याच्या मागे जाऊन, तिच्याच चालीत, मी पहिल्यांदा म्हटले, "आल्डनराव..."

तो झटकन वळला. पाहिले मात्र माझ्याकडे नाही, माझ्यामागच्या दाराकडे.

मीही वळून पाहिले.